मुक्या नियंत्रकाचे निदान : मोटारदुरुस्तीच्या इतिहासातील एक प्रकरण

इतिहासाच्या अभ्यासकास मौनाचा अर्थ लावण्याचा प्रसंग वारंवार येतो. एखाद्या बखरीत अमुक घटनेचा उल्लेख नाही, म्हणून ती घडलीच नाही असे म्हणावयाचे काय, हा वाद आपल्याकडे जुना आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र बखर किंवा दप्तर नसून मोटार हा आहे. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, गिअर, दिवे इत्यादिकांचा कारभार पाहणारे लहान लहान विद्युत् नियंत्रक बसविलेले असतात, आणि ते तारांच्या एका जोडीवरून परस्परांशी अखंड बोलत असतात. त्यांपैकी एखादा अकस्मात बोलेनासा होतो. मिस्त्री स्कॅनर जोडतो; स्कॅनर ‘संपर्क नाही’ एवढेच उत्तर देतो; आणि पुष्कळदा तेथल्या तेथे ‘ईसीएम गेला’ असा निवाडा होऊन मालकास नव्या नियंत्रकाची किंमत सांगितली जाते. हा निवाडा कधी खरा ठरतो, कधी ठरत नाही. परंतु तो ज्या रीतीने दिला जातो ती रीत तर्कदृष्ट्या सदोष आहे, आणि बखरीच्या मौनावरून अनुमान काढणाऱ्याची जी चूक तीच येथे होते, असे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे. ही चूक टाळण्याचे शास्त्र दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. ते छोट्या गावातील दुरुस्तीवाल्याच्या हाती पुरतेपणी का आले नाही, हा या प्रकरणाचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग होय.

विवेचनासाठी वडूज हे गाव समोर ठेवले आहे. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे हे ठाणे येरळा नदीच्या काठी, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे. येथवर आगगाडी आलेली नाही; पुणे-मिरज लोहमार्गावरील कोरेगाव, रहिमतपूर ही स्थानके पश्चिमेस दूर राहतात. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे. बाजाराचा माल, उसाची वाहतूक, आजाऱ्यास दवाखान्यात नेणे, मुलांचे कॉलेजला जाणे हे सर्व राज्य परिवहनाच्या वडूज आगारातून सुटणाऱ्या गाड्यांवर, मालमोटारींवर आणि खासगी जीपगाड्यांवर अवलंबून आहे. मोठ्या शहरात एक गाडी बंद पडली तर दुसरी मिळते. येथे भर हंगामात मालमोटार आठ दिवस उभी राहिली तर त्या कुटुंबाचा वर्षाचा हिशेब विस्कटतो. निदान चुकण्याची किंमत काय, हे अशा गावी अधिक स्पष्टपणे दिसते.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, मोटारीचे मौन ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्या पिढीतील आणि त्यानंतरही कित्येक दशकांच्या डिझेल गाड्यांत इंधनाचे प्रमाण ठरविणारा पंप सर्वस्वी यांत्रिक असे. इंजिन एकदा चालू झाले म्हणजे त्यास विजेची गरज उरत नसे. बॅटरी कमजोर असली तर चालक गाडी उतारावर उभी करी आणि सकाळी ती ढकलून चालू करी. असे यंत्र आपले दुखणे स्वतःच सांगत असे. धूर काळा असेल तर डिझेल जादा जाते, निळा असेल तर ऑइल जळते, पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडते, हे उमेदवारी करणारा पोरगाही पहिल्या वर्षात शिकत असे. फिटर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाशी धरी आणि कोणत्या बेअरिंगचा आवाज येतो ते सांगे. या विद्येचे ग्रंथ झाले नाहीत; ती उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली. तिला अडाणी म्हणण्याची सुशिक्षितांची सवय आहे, ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. लक्षणावरून कारणाकडे जाण्याची ती एक पूर्ण पद्धती होती. मात्र तिच्या कक्षेत ‘उत्तर न येणे’ हे लक्षणच नव्हते, कारण यंत्रास कोणी प्रश्न विचारीतच नसे.

उत्तर न देणाऱ्या यंत्राचे निदान करण्याची पाळी सर्वप्रथम आली ती तारायंत्राच्या खात्यावर. आपल्या देशात विल्यम ओशॉनेसी याने १८३९ साली कलकत्त्याजवळ तारेचा प्रयोग केला, आणि १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा व मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. १ फेब्रुवारी १८५५ पासून तार सर्वसामान्यांस खुली झाली. तारमास्तर खटका दाबतो आणि पलीकडून काहीच येत नाही, असा प्रसंग या खात्यात नित्याचा होता. अशा वेळी संशय तीन ठिकाणी जातो : पलीकडचे यंत्र अथवा माणूस, अलीकडचे यंत्र, आणि या दोहोंमधील शेकडो मैलांची तार. पैकी तिसऱ्याची शक्यता नेहमीच अधिक, कारण ऊन, पाऊस, झाडे, माकडे व चोर यांच्या तावडीत जी असते ती तारच. तथापि ती पाहावयास माणूस पाठविणे खर्चाचे व वेळेचे काम होते. म्हणून बसल्या जागी, केवळ मोजमापाने, तार कोठे तुटली वा कोठे जमिनीस टेकली हे शोधण्याच्या रीती निघाल्या. १८३३ साली सॅम्युएल ख्रिस्टीने सुचविलेली आणि १८४३ साली चार्ल्स व्हीटस्टनने प्रसिद्धीस आणलेली रोधमापनाची जुळणी या कामी आली. सदोष तारेचे दूरचे टोक एका निर्दोष तारेस जोडावयाचे आणि दोन्ही बाजूंच्या रोधांचे गुणोत्तर काढावयाचे, म्हणजे दोष किती अंतरावर आहे ते कळते.

या रीती अवलंबिल्या नाहीत तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण १८५८ च्या अटलांटिक तारेचे. ऑगस्टच्या प्रारंभी ती समुद्रतळाशी टाकून झाली आणि १६ ऑगस्टला तिच्यावरून पहिला राजकीय संदेश गेला. पण संकेत प्रारंभापासून क्षीण होते. कंपनीचा विद्युत्-अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस हा मूळचा शस्त्रवैद्य. क्षीण आवाजावर त्याने जबरदस्तीचा उपाय केला. सुमारे २,००० व्होल्ट दाबाची वेटोळी तारेस लावली. काही आठवड्यांतच तार कायमची मुकी झाली. तारेच्या बांधणीतही पूर्वीचे दोष होते, हे चौकशीत निघाले. सर्व दोष एकट्या व्हाइटहाउसच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. परंतु मौनाचे कारण मोजून पाहण्याऐवजी त्यावर बळ चालविले, ही गोष्ट खरी. या अपयशानंतर विल्यम टॉमसन प्रभृतींच्या आग्रहाने विद्युत्-मापनाची एकके निश्चित करण्याच्या कामास १८६१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने हात घातला. आज वडूजच्या गॅरेजमध्ये चारदोनशे रुपयांच्या मीटरवर जो ‘ओहम’ मोजला जातो, त्याच्या प्रमाणीकरणामागे मुक्या तारांचा हा इतिहास उभा आहे. (ओशॉनेसी हाही वैद्यच होता. वैद्यकातून आलेला ‘निदान’ हा शब्द आपण यंत्रास लावतो, त्यास इतिहासाचा असाही आधार आहे.)

सातारा जिल्ह्यास तारेच्या मौनाचा एक वेगळा अनुभव १९४२ साली आला. ऑगस्टच्या आंदोलनात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मे झाले. त्याच काळात जिल्ह्यात ठिकठिकाणी तारा तोडण्यात आल्या. त्या घटनांचे राजकीय महत्त्व येथे सांगावयाचे नाही; ते सुपरिचित आहे. आपल्या विषयापुरते एवढेच पाहावयाचे की, जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्यापुढील मुके यंत्र वाऱ्याने खांब पडला तरी तेवढेच मुके असते, तार कोणी कापली तरी तेवढेच, आणि पलीकडचा तारमास्तर जागेवरून उठून गेला तरीही तेवढेच. मौनास स्वतःचा असा काही वेगळा सूर नसतो. कारण शोधावयाचे तर यंत्राबाहेर पडून मार्ग तपासावा लागतो.

आता मोटारीकडे वळू. इंधन मोजण्यासाठी विद्युत् नियंत्रकाचा मोठ्या प्रमाणावर वापर जर्मनीत बॉश कंपनीने १९६७ सालापासून केला. पुढील पंधरा वर्षांत नियंत्रकांची संख्या वाढत गेली आणि प्रत्येकास प्रत्येकाशी जोडणाऱ्या तारांचा भार असह्य झाला. म्हणून १९८३ साली बॉशने सर्व नियंत्रकांसाठी एकच सामाईक वाहिनी तयार करण्याचे काम हाती घेतले व फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे ती जाहीर केली. ‘कॅन’ या नावाने ती आज सर्वत्र ओळखली जाते. १९९३ साली तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. परस्परांत पीळ घातलेल्या दोन तारा, आणि त्यांच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोध, एवढीच तिची बाह्य रचना. तीवर कोणी अध्यक्ष नाही. ज्यास बोलावयाचे तो बोलतो. दोघे एकदम बोलू लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान तो पुढे चालू ठेवतो आणि दुसरा आपण होऊन थांबतो. आणि प्रत्येकाचे बोलणे सर्वांस ऐकू जाते.

या रचनेतील एक नियम आपल्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. प्रत्येक नियंत्रक स्वतःच्या चुकांचा हिशेब ठेवतो. संदेश पाठविताना चूक झाली तर सामान्यतः आठ गुण वाढतात, संदेश नीट गेला तर एक गुण कमी होतो. ही बेरीज २५५ च्या पलीकडे गेली म्हणजे तो नियंत्रक वाहिनीपासून स्वतःच अलग होतो, जेणेकरून त्याच्या सदोष बोलण्याने इतरांचा व्यवहार बंद पडू नये. म्हणजे येथे मौन हे मृत्यूचे लक्षण नसून शिस्तीचे पालन असू शकते. आणि चुका होण्याचे कारण नियंत्रकात नसून त्याच्याकडे जाणाऱ्या ढिल्या जोडात असू शकते. याहून सूक्ष्म असा दुसरा नियम आहे. नियंत्रक बोलत आहे, पण पोच देण्यास वाहिनीवर कोणीच नाही, अशा स्थितीत बेरीज एका मर्यादेपुढे वाढत नाही; तो अलग होत नाही, बोलतच राहतो. ‘मी चुकीचे बोलतो’ आणि ‘माझे कोणी ऐकत नाही’ या दोन गोष्टी रचनाकारांनी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. निदान करणाऱ्याने त्या एक समजू नयेत, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

आपल्याकडे ही यंत्रणा आली ती धुराच्या नियमांच्या पाठोपाठ. भारत-४ हे प्रमाण १ एप्रिल २०१० रोजी देशातील तेरा शहरांत लागू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही तीन होती. वाहनाने आपले दोष स्वतःच नोंदवून ठेवावे व ठराविक जोडणीतून ते वाचता यावे, ही अट याच काळात आली. तिचा विस्तृत टप्पा १ एप्रिल २०१३ पासून अमलात आला. त्याच वर्षी जुलैमध्ये देशातील तारसेवा बंद झाली; हा अर्थात योगायोग. १ एप्रिल २०१७ रोजी भारत-४ आणि १ एप्रिल २०२० रोजी भारत-६ सर्व देशात लागू झाले. ट्रॅक्टरांचा इतिहास वेगळा आहे. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस नवे कडक प्रमाण १ जानेवारी २०२३ पासून आले व त्याबरोबर विद्युत्-नियंत्रित इंधनव्यवस्था आली. त्याहून लहान ट्रॅक्टर बहुतांशी यांत्रिक पंपावरच राहिले. त्यामुळे एकाच गावात, एकाच मिस्त्रीच्या दारात, दोन युगांची यंत्रे शेजारी शेजारी उभी राहतात. एक कानाने तपासावयाचे, दुसरे मीटरने.

मूळ प्रश्न असा : मुक्या नियंत्रकाविषयी काही म्हणण्याचा अधिकार निदानकर्त्यास केव्हा प्राप्त होतो? १८९८ साली, म्हणजे ज्या वर्षी राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला त्याच वर्षी, लांग्ल्वा व सेन्योबोस या फ्रेंच विद्वानांचा इतिहासाभ्यासाच्या पद्धतीवरील ग्रंथ निघाला. मौनावरून अनुमान काढण्यास त्यांनी ज्या अटी घातल्या त्यांचा आशय असा की, लेखकास ती गोष्ट ठाऊक असली पाहिजे. ठाऊक असती तर ती नमूद केल्यावाचून तो राहिला नसता अशी स्थिती असली पाहिजे. आणि त्याने लिहिलेले आपल्यापर्यंत पोचण्याच्या वाटेत नष्ट झालेले नसले पाहिजे. या तिन्ही अटी नियंत्रकास जशाच्या तशा लागू पडतात. तो जिवंत होता काय, म्हणजे त्यास वीज पोचत होती काय? त्यास त्याच्या भाषेत प्रश्न विचारला गेला होता काय? आणि उत्तर येण्याची वाट शाबूत होती काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ आल्यावरच त्याच्या मौनास पुराव्याचे मोल येते.

यांतील पहिली अट सर्वांत साधी, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. फ्यूज पाहिला, मीटरवर बारा व्होल्ट दिसले, म्हणजे वीज आहे असे मानले जाते. परंतु बहुपदरी तारेचा एकच धागा उरला असला तरी मीटर बारा व्होल्टच दाखवितो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढीत नाही. त्याच तारेवर हेडलाइटचा बल्ब लावला तर तो लुकलुकतो किंवा पेटतच नाही. भार टाकून पाहणे ही खरी परीक्षा. खटाव, खानापूर, आटपाडी या भागांतून देशभर गेलेले गलाई व्यावसायिक कसास लावल्याखेरीज सोने मान्य करीत नाहीत; तारेची बाबही तशीच आहे. ‘अर्थ’ची तार तर याहूनही उपेक्षित. ती चेसीस जेथे बोल्टने आवळलेली असते तेथे रंग, चिखल व गंज साचतो. अर्थ कमजोर असेल तर नियंत्रक अर्धवट जागा राहतो. कधी बोलतो, कधी नाही, आणि त्यावरून तो ‘आतून खराब’ ठरविला जातो. बल्बाची ही परीक्षा विजेच्या व अर्थच्या तारांपुरतीच करावी, संदेशाच्या दोन तारांवर कदापि करू नये; तेथे बल्ब किंवा बॅटरीची तार लावणे म्हणजे व्हाइटहाउसचा उपाय पुन्हा करणे होय.

दुसरी अट भाषेची. जुन्या गाड्या निदानासाठी वेगळ्या एकेरी तारेवरून बोलतात. नव्या मोटारी कॅन वाहिनीवरून. मालमोटारी व बस यांची प्रमाणभाषा निराळी आणि जोडणीचा आकारही पुष्कळदा निराळा. मोटारीसाठी केलेला स्वस्त स्कॅनर मालमोटारीस कसाबसा जोडला आणि उत्तर आले नाही, तर दोष प्रश्नकर्त्याचा. मोडी न येणाऱ्याने दप्तर कोरे आहे असे म्हणण्यासारखेच ते झाले. म्हणून तोच स्कॅनर त्याच जातीच्या एका चांगल्या गाडीस जोडून पाहणे हा पहिल्याच दोन मिनिटांत करावयाचा उद्योग आहे.

तिसरी अट वाटेची, आणि येथे तारखात्याची विद्या थेट उपयोगी पडते. बॅटरी सोडून, निदानाच्या जोडणीतील सहाव्या व चौदाव्या टाचण्यांमध्ये रोध मोजावा. दोन टोकांचे दोन १२० ओहमचे रोध समांतर असल्याने उत्तर ६० च्या आसपास आले पाहिजे. १२० आले तर एक टोक तुटले आहे, म्हणजे वाट मध्येच कोठे तरी खंडित झाली आहे किंवा टोकाचा नियंत्रक निखळला आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या आहेत. काही नव्या गाड्यांत जोडणी व आतील वाहिनी यांच्यामध्ये एक देवडीवान नियंत्रक असतो, तेथे हा आकडा देवडीपुरताच खरा मानावा आणि आतील मोजणी आत जाऊन करावी. मग बॅटरी जोडून प्रत्येक तारेचा दाब पाहावा. वाहिनी शांत असता दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. बोलताना एक साडेतीनपर्यंत चढते व दुसरी दीडपर्यंत उतरते. एखादी शून्यावर खिळली असेल तर ती कोठे तरी चेसीस टेकली आहे. सर्वच नियंत्रक मुके असतील तर त्यांतला कोणी एक वाहिनी अडवून बसला आहे, असा संशय घेऊन एकेकाचा कपलर काढीत जावे. ज्याचा कपलर काढताच बाकीचे बोलू लागतात तो, अथवा त्याच्याकडे जाणारी तार, दोषी. एकच मुका असून इतर बोलत असतील तर त्याच्या स्वतःच्या फाट्यावर नजर ठेवावी. उंदराने कुरतडलेली तार, कपलरात शिरलेले पाणी व टाचण्यांवर चढलेला हिरवा गंज, मागे ढकलली गेलेली टाचणी, बॅटरी न सोडता चेसीवर केलेले वेल्डिंग : उसाच्या वाहतुकीतील गाड्यांच्या बाबतीत ही कारणे प्रथम पाहण्याजोगी आहेत. पैकी शेवटचे मात्र नियंत्रकास खरोखरच मारू शकते.

येथे मूक नियंत्रकाच्या शेजाऱ्यांची साक्ष काढण्यास विसरू नये. एक बोलेनासा झाला की इतर नियंत्रक ‘अमक्याशी संपर्क तुटला’ अशी नोंद आपापल्या स्मृतीत करतात. कोणी नोंद केली, कोणी केली नाही, यावरून तुटीची जागा ठरविता येते. या समकालीन साक्षी होत. दुर्दैवाने स्कॅनर हाती येताच सर्व नोंदी पुसून टाकण्याची खोड सर्वत्र आहे. दप्तर वाचण्यापूर्वीच ते जाळण्यातला हा प्रकार.

हे सर्व झाल्यावरच नियंत्रक बदलून पाहण्याची पाळी येते. आपल्या वैद्यकात, माधवनिदानाच्या परंपरेत, रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत, त्यांत ‘उपशय’ हे एक आहे : लक्षणे गूढ असतील तर औषध वा आहार देऊन परिणाम पाहावा व त्यावरून रोग ठरवावा. चांगला नियंत्रक बसवून पाहणे हा उपशयच. त्याचे स्थान आहे, पण ते इतर साधने संपल्यानंतर. आणि आजच्या मोटारीत तो उपाय पूर्वीइतका निर्णायकही राहिलेला नाही. चोरी टाळण्यासाठी किल्ली, इंजिनाचा नियंत्रक व इतर नियंत्रक यांची परस्परांशी ओळख करून दिलेली असते. दुसऱ्या गाडीतून काढलेला पूर्णपणे निरोगी नियंत्रक येथे बसविला तरी इंजिन चालू होत नाही, आणि मिस्त्री दुसऱ्यांदा फसतो.

लेखाच्या आरंभी ज्या दुसऱ्या भागाचा उल्लेख केला तो येथे सुरू होतो. रोध, दाब व भार यांच्या परीक्षा मीटर व बल्ब यांवर होतात. त्यांसाठी वडूजच्या वायरमनास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. त्यास हवा असतो तो त्या गाडीचा तारांचा नकाशा, आणि अखेरीस नव्या नियंत्रकास ओळख करून देणारी आज्ञावली. या दोन गोष्टी दीर्घकाळ उत्पादक व त्यांचे अधिकृत विक्रेते यांच्यापाशीच राहिल्या. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-उत्पादकांविरुद्ध दिलेल्या निर्णयात नेमका हाच व्यवहार स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरविला : सुटे भाग, तांत्रिक माहिती व निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांस न देणे. एकूण दंड सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारी व शेतीची अवजारे यांचा समावेश केला. ही पावले स्वागतार्ह आहेत, परंतु २०१४ चा निर्णय मोटारकारांपुरता होता. मालमोटारी त्याच्या कक्षेबाहेर होत्या, आणि खटाव तालुक्याचे अर्थकारण मोटारकारांवर चालत नाही.

‘खेड्यातील मिस्त्रीस नवे तंत्र झेपत नाही, म्हणून तो सरसकट भाग बदलतो’ असे एक मत ऐकू येते. वरील इतिहास पाहता ते उलट मांडणे अधिक सयुक्तिक होईल. ज्याच्यापाशी नकाशा नाही त्यास कोणती तार कोठे जाते हे ठाऊक होण्याचा मार्ग नाही. मग वाट तपासणे अशक्य होते आणि वक्त्यासच दोषी धरणे तेवढे उरते. तारखात्यातील अधिकाऱ्यापाशी प्रत्येक खांबाची नोंद होती. अडाणीपणा येथे कारण नसून कार्य आहे. अधिकृत विक्रेत्याच्या सुसज्ज कार्यशाळेतही घाईपोटी ‘ईसीएम गेला’ हा निवाडा होतोच; त्यास मात्र कोणी खेडवळ म्हणत नाही.

या विषयाची साधने फार वेगाने नष्ट होत आहेत, ही संशोधकाच्या चिंतेची बाब आहे. राज्य परिवहनाच्या आगारात निदान चालकाची तक्रार व केलेले काम यांची कागदोपत्री नोंद होते. खासगी गॅरेजात ती वहीच्या एका ओळीत किंवा मिस्त्रीच्या डोक्यात राहते. नियंत्रक बदलला, गाडी चालू झाली, की जुना नियंत्रक भंगारात जातो. तो खरोखर मृत होता, की कपलर काढून पुन्हा घट्ट बसविल्यानेच गाडी बोलू लागली, हे ठरविण्याचे साधनही त्याबरोबरच जाते. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने सातारा, कऱ्हाड, विटा व वडूज येथील गॅरेजांतून असे टाकून दिलेले नियंत्रक, शक्य तेथे मूळ तक्रारीसह, गोळा करावे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या साहाय्याने टेबलावर वीज देऊन ते बोलतात की नाही हे पाहावे. पन्नास-साठ नमुने मिळाले तरी ‘ईसीएम गेला’ या वाक्याची सत्यासत्यता प्रथमच आकड्यांत मांडता येईल. संग्रह करताना कपलरासह तारेचा वीतभर तुकडाही कापून घ्यावा, कारण दोष पुष्कळदा त्या तुकड्यातच सापडण्याचा संभव आहे.